पिलाला तळ्याकडे ने

बडोदे,
१८ सप्टेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या तुमच्या दारात सापडलेल्या कासवाच्या पिलाचा फोटो मोठा करकरून पाहिला. कवचाइतकी लांब शेपटी, तिच्यावर करवतीसारखे दाते, पाठीवर तीन खडबडीत कंगोरे. शंकाच नको, हे स्नॅपिंग टर्टलचंच, म्हणजे तिकडच्या तळ्यांतल्या चावऱ्या कासवाचंच पिल्लू. आपल्या विश्वामित्री नदीतली कासवं चपटी, मऊ पाठीची. त्यांचा याच्याशी संबंध नाही.

पावसाळ्यात रस्त्यावर आलेली कासवं मी वनखात्याकडे पोचवतो, म्हणून हे पिल्लू घरी कसं पाळायचं ते तू मला विचारलंस. कसं सांभाळायचं ते सांगतोच, पण आधी मनातलं बोलतो: पाळू नकोस.

तुझ्या लेकीला ते पोरकं वाटलं. पोरकं नाही रे ते. कासवी नुसत्या नजरेने पिलांना पोसते, हे आपण लहानपणी दांडिया बाजारातल्या कीर्तनात किती वेळा ऐकलं! खरी कासवी तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडाला वीस-चाळीस अंडी मातीत पुरते आणि पाण्यात निघून जाते. पुन्हा फिरकत नाही. बहुतेक घरटी रकून, कोल्हे उकरून खातात. त्यातून जे वाचतं, ते ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत वर येतं आणि एकटंच पाणी शोधत निघतं. तुमच्या दारात ते सापडलं तेव्हा त्याचा हाच प्रवास चालू होता. आईच्या मायेची त्याला गरज नाही, तशी आपल्याही मायेची नाही.

लेकीने ‘बंडू’ नाव ठेवलंय ना? तिला सांग, बंडू की बंडी हे मातीच्या उबेने केव्हाच ठरवलंय. मधल्या तापमानाला नर होतात, फार गार किंवा फार गरम मातीत माद्या. आत्ता नुसतं पाहून कळायचं नाही.

सोडेपर्यंतचे एक-दोन दिवस पसरट टबात ठेव. शक्यतो तळ्याचंच पाणी घाल, आणि तेही इतकं उथळ, की तळाशी बसून मान ताणली तर नाक वर यावं. एक दगड आणि लपायला थोडी पानं. ते पाण्यातच खातं. बारीक गांडुळं आणि पाणवनस्पती दे. खाल्लं नाही तरी घाबरू नको, नुकत्याच निघालेल्या पिलाला पोटातला बलक काही दिवस पुरतो. मात्र हात लावल्यावर साबणाने हात धुवायचेच, आणि टब स्वयंपाकघरात न्यायचा नाही. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असतात. तुमच्या देशात चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला १९७५ पासून बंदी आहे, ती याचसाठी.

आता तीन सेंटिमीटरचं असलं तरी पुढे ते दहा-पंधरा किलोचं होईल आणि तीस-चाळीस वर्षं जगेल. अतिनील दिवा, फिल्टर हे सगळं आणशील, पण शेवटी हौद लागेल. पोटाकडचं कवच इतकं तोकडं, की डोकं-पाय त्याला आत घेता येत नाहीत. म्हणून जमिनीवर ते चावून स्वतःला वाचवतं. पाण्यात मात्र माणूस दिसला की दूर पळतं. मला सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं, की टाकीत वाढलं की ही भीती मोडते आणि माणूस दिसला की ते खाण्यासाठी पुढे येतं. अशाला पुढे कुठे सोडशील? जपानमध्ये लोकांनी पाळून सोडून दिलेली ही कासवं चिबा प्रांतातल्या इन्बानुमा सरोवराच्या भागात इतकी वाढली, की ती पकडून काढावी लागतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे नदीतळ्यातलं कासव घरी ठेवता येत नाही. तिकडे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, तेव्हा तुमच्या राज्याच्या वन्यजीव खात्याला एक फोन करच.

पण सोडायला थंडीची वाट बघू नको. हिवाळ्यात ही कासवं पाण्याच्या तळाशी, चिखलात पडून असतात. त्याआधी त्याला जागा धरायला वेळ मिळायला हवा. घराजवळचंच तळं निवड. उथळ काठ, भरपूर गवत, आणि सोडायचं लेकीच्या हातून. जूनमध्ये तिला अंडी घालायला निघालेल्या माद्या दाखव. उत्तरेकडच्या भागांत मादीला वयात यायलाच पंधरा-वीस वर्षं लागू शकतात, म्हणून रस्त्यावर चिरडलेल्या एकेका मादीची उणीव लवकर भरून येत नाही. एखादी रस्त्यात दिसली तर शेपटीला धरून उचलू नका, मणक्याला इजा होते. ज्या दिशेला चालली असेल, त्याच बाजूला पोचवा.

सोडून आलास की कळव. वहिनींना नमस्कार, लेकीला अनेक आशीर्वाद.

तुझाच,
बडोद्याचा मित्र