अंगणातल्या हौदातील कोई माशांबद्दल

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, अंगणातल्या जुन्या हौदात कोई पाळण्याचा तुमचा बेत वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण मी राहते त्या नागाओका शहराच्या हद्दीतच आता यामाकोशीचा डोंगराळ भाग येतो आणि याच पंचक्रोशीतल्या भातशेतीच्या गावांत सुमारे दोनशे वर्षांपूर्वी रंगीत कोईंची पैदास सुरू झाली. खाण्यासाठी पाळलेल्या काळपट माशांत अधूनमधून एखादे लाल-पांढरे पिल्लू निपजे आणि शेतकरी ते वेगळे काढून वाढवीत. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मासे मांडले गेले, तेव्हा त्यांची ख्याती जपानभर पसरली.

इथे माशांपेक्षा पाण्याची निगा अधिक राखतात आणि तुम्हीही तेच करावे, अशी माझी विनंती आहे. माशांच्या कल्ल्यांतून पाण्यात सतत अमोनिया उतरतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि हौदाचा तळ स्वच्छ दिसत असतानाही तो माशांचा जीव घेऊ शकतो. फिल्टरमधल्या चटयांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात, परंतु ते जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोनच लहान मासे सोडा आणि तपासणीच्या किटमध्ये अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्यावरच पुढचे आणा. चटया कधीही नळाखाली धुऊ नका, कारण क्लोरीनने हे जिवाणू मरतात. बादलीभर हौदाचेच पाणी घेऊन त्यात खळबळून काढा.

दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि चार फूट खोल हौदात सुमारे नऊ हजार लिटर पाणी मावते. दुकानात बोटाएवढा दिसणारा कोई पुढे दोन फुटांचा होतो, म्हणून सात-आठ माशांवर थांबलेले बरे. नंतर आणलेला प्रत्येक मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा आणि त्याची जाळीही वेगळी असू द्या. कोईंना होणाऱ्या हर्पिस विषाणूवर औषध नाही.

आई, त्यांना खाऊ घालायला तुला फार आवडेल, हे मी जाणून आहे. पण कोईला जठर नसते, अन्न थेट आतड्यात उतरते, त्यामुळे एकदम पोटभर घालण्यापेक्षा पाच मिनिटांत फस्त होईल इतकेच, दिवसातून दोन-तीनदा घाल. पोळीचे तुकडे मात्र टाकू नकोस.

मला खरी काळजी वाटते ती उन्हाळ्याची. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि नेमकी त्याच दिवसांत आपल्याकडची वीज जाते. २३ ऑक्टोबर २००४ च्या भूकंपात यामाकोशीत वीज आणि पाणी तुटले, तेव्हा असंख्य कोई दगावले. वाचलेले मासे पुढे हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. म्हणून हिरवी शेडनेट आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मासे आणण्याआधीच घ्या. मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकू लागले, तर खाणे बंद करून आधी हवा वाढवा.

तुमच्या पाण्याच्या पंपावरच्या पट्टीत तो तासाला किती लिटर पाणी फेकतो ते लिहिलेले असेल, तेवढा आकडा मला कळवा. सारे पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला हवे. तेवढा जोर नसेल, तर मोठा पंप घेण्यासाठी मी पैसे पाठवते.

तुमची,
मुलगी