सुध्या, नदी राहू दे

तासगाव,
8 जानेवारी

प्रिय सुध्या,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर हे धड बोलता आलं नसतं, तू मधेच काहीतरी कोटी केली असतीस.

परवा तू नव्या डायरीतली दोन पानं वाचून दाखवलीस. पहाटेचं धुकं, अबोल वाहणारी कृष्णामाई वगैरे. दिवाळी अंकात सहज खपतील. पण त्या पहाटे तू घाटावर गेलास कशाला, ते कुठेच नाही. मला ठाऊक आहे, कारण आदल्या रात्री तूच म्हणालास की निवृत्तीचे पैसे धाकट्याला द्यावेत की नाही या विचारानं डोळ्याला डोळा नाही. ते सोडून नदीवर लिहिलंस. दार लावून बसलास, तरी समोर एक वाचणारा बसवलासच की!

आमच्या दादांची द्राक्षबागेची वही तू पाहिली नाहीस. खताच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी, छापील तारखांशी काही देणंघेणं नाही. ‘फळछाटणी उरकली. विहिरीकडच्या चार ओळी मागे फुटल्या.’ ‘ढग. डाऊनी दिसला. रात्रीच फवारलं.’ (डाऊनी म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग.) एका पानावर नुसतं ‘या व्यापाऱ्याला उधार नाही’ आणि खाली दोन रेघा. (त्या रेघांत किती शिव्या आहेत ते आम्हा घरच्यांनाच माहीत.) बाग माझ्याकडे आली तेव्हा कुठल्या साली खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली पहिली छाटणी, लांबली आणि मग ऑक्टोबरनंतर घड कमी का सुटले, हे मला त्यातूनच उमगलं. पण त्यांनी ते माझ्यासाठी लिहिलं नव्हतं. पुढच्या हंगामात आपल्यालाच लागेल म्हणून लिहिलं होतं.

रामानुजनच्या वह्या अशाच. कागद परवडत नसे, म्हणून आकडेमोड पाटीवर करायची, कोपरानं पुसायची आणि निघालेलं सूत्र तेवढं वहीत उतरवायचं. सिद्धता जवळपास नाहीतच. 1920 मध्ये तो गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं 1957 मध्ये त्या वह्या जशाच्या तशा छापल्या. पुढे ब्रूस बर्न्ट या अमेरिकी गणितज्ञानं एकेका सूत्राचा माग काढत पाच खंड केले, शेवटचा 1998 मध्ये. लोक हळहळतात, सिद्धता लिहून ठेवल्या असत्या तर! मला नाही तसं वाटत. ज्याला मुक्काम पाहिला की वाट आठवते, त्यानं वाट कशाला लिहावी? तुझी-माझी गोष्ट वेगळी. आपल्याला परवाचं आठवत नाही, तेव्हा नोंदीपाठी एक ‘कशामुळे’ जोडून ठेवावं. बास, तेवढंच.

आणि लंडनचा तो सॅम्युअल पीप्स. 1660 पासून नऊ-एक वर्षं लघुलिपीत डायरी लिहीत होता. 1666 च्या मोठ्या आगीत गाव जळत असताना यानं खड्ड्यात वाइन आणि इटलीचं चीज पुरलं, आणि तसं लिहूनही ठेवलं. चारचौघांसाठी लिहिता तर चीज नक्की गाळलं असतं. वह्या मात्र त्यानं नीट बांधून आपल्या ग्रंथसंग्रहात ठेवल्या. तेव्हा तोही काही अगदी साधू नव्हता.

डायरी फाडू नकोस. धाकट्याचं लिही. त्यानं मागितलेला आकडा लिही, राग नेमका कशाचा आला ते लिही. तुला रागच आला नसेल आणि नुसती भीती वाटत असेल, तर तेही. खाडाखोड होऊ दे, अक्षर वाईट येऊ दे. नदी आपोआप आली तर येईल. आणि मला वाचून दाखवू नकोस, दाखवायचंय म्हटलं की तू पुन्हा धुक्यात शिरशील.

इकडे मण्यांत पाणी उतरायला लागलंय, थंडी फार पडली नाही म्हणजे मिळवली. हुरडाही तयार आहे. वहिनींना घेऊन रविवारी ये. धाकट्यालाही आणलंस तर आण, पैशाचा विषय मी काढणार नाही.

तुझा,
बाळ्या