तो अरणला येतो

प्रिय भावा,

फोनवर तू "अरणची सावता महाराजांची यात्रा कशी झाली" विचारलंस आणि मी नुसतं "भारी" म्हणून ठेवला, गर्दीत काही ऐकूच येत नव्हतं. म्हणून आता बसून लिहितोय.

तुला माहितीये, आमच्या आप्पांनी जन्मात एकदा पण आषाढीची वारी केली नाही. पंढरपूर काय लांब नाही आम्हाला, पण दोन म्हशी, डाळिंबाची बाग, धार कोण काढणार? लहानपणी सगळी गल्ली जायची आणि आपण घरीच, मला लई वाईट वाटायचं. आप्पा म्हणायचे, "आपल्याकडं तोच येतो की." मला ती पळवाट वाटायची रे. यंदा पहिल्यांदा शेवटपर्यंत थांबलो आणि कळलं.

बाकी संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, पण सावता महाराजांना भेटायला आषाढीनंतर पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. महाराज मळा सोडून कधी गेलेच नाहीत म्हणून. कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर हाच त्यांचा विठोबा, मोट नि विहीर हीच पंढरी. १२९५ साली आषाढ वद्य चतुर्दशीला समाधी घेतली, वय ४५ फक्त. अभंग आज ३७च मिळतात, ते पण काशिबा गुरवांनी लिहून ठेवले म्हणून, नाहीतर तेवढे पण गेले असते बघ.

पालखी आली तेव्हा भुरभुर पाऊस, चिखल, टाळमृदंगाचा नुसता कल्लोळ. आप्पा पुढं घुसले नाहीत, कडेला अनवाणी उभे, हाताच्या भेगांत बागेतली माती तशीच. पालखी समोर आली तशी टोपी काढली आणि घरी पाव्हणा आल्यावर बोलतात तसं हळूच म्हणाले, "आलास व्हय देवा, दमला असशील." मला रडूच आलं. आख्खं आयुष्य ज्या माणसाला मी मनातल्या मनात देवाचं काही न करणारा समजत होतो तो दरसाल इथं यजमान म्हणून उभा असतो.

रात्री कीर्तनात खुरप्याची कथा झाली. देव त्याचे भक्त कूर्मदास यांच्याकडं लऊळ गावाला निघालेला, वाटेत अरणला थांबून म्हणतो मला लपव, आणि महाराज खुरप्यानं स्वतःचं पोट चिरून त्याला आत ठेवतात. शंभरदा ऐकलीय, तरी त्या जागेला माणसं श्वास रोखून बसतात.

मग श्रीफळ हंडी. लोकांनी वाहिलेले नारळ एकत्र बांधून टांगतात आणि काल्याला फोडतात. काय तो जल्लोष! एक तुकडा आप्पांच्या पायापाशी चिखलात पडला, त्यांनी तो नळाखाली धुतला, धोतराला पुसला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "चल, धारेची वेळ झाली."

तुझ्या बाबांच्या ऑपरेशनसाठी पण एक नारळ वाहिलाय, तुला विचारलं नाही. तो तुकडा आईनं वाळवून ठेवलाय, रविवारी पुण्याला येतोय तेव्हा घेऊन येतो. बाबांना थोडासाच दे, चावायला कडक आहे.

तुझाच,
भावड्या