विमानतळाच्या बंबांत कोणता फेस आहे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जगभरातले विमानतळ आग विझवायला फ्लोरिन नसलेला फेस वापरू लागले आहेत, ही बातमी कालच्या अंकात वाचली. चार ओळींची, तीही परदेशच्या पानावर कोपऱ्यात. आमच्या दिवाळे कोळीवाड्यासमोर, पनवेल खाडीपलीकडे, नवी मुंबईचा नवा विमानतळ उभा आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडताहेत. "तुमच्या बंबांत कोणता फेस भरलाय?" एवढा एक प्रश्न तिथे विचारावा असं तुमच्या वार्ताहराला वाटलं नाही, याचा राग आला म्हणून लिहितोय.

काही वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका केमिकल कंपनीला आग लागली. बंब आले, फेस मारला, आग आटोक्यात आली. त्या जवानांनी जिवावर उदार होऊन काम केलं, त्याबद्दल त्यांना हात जोडतो. पण दुसऱ्या दिवशी ओहोटीला आमच्या वडिलांनी जाळं उचललं, तर त्याला पांढरा फेस चिकटून आलेला. सायीसारखा दाट, झटकला तरी सुटेना. नाल्याच्या तोंडाशी तर गुडघाभर साचलेला आणि पोरं तो अंगाला फासून खेळत होती. वडिलांनी त्याच पाण्यात जाळं धुतलं. हाताचा बुळबुळीतपणा संध्याकाळपर्यंत गेला नाही. मी कंपनीच्या गेटवर जाऊन विचारलं. सेफ्टीचे साहेब म्हणाले, "अहो, साबणाचं पाणी आहे ते. एका पावसात वाहून जाईल." वाहून जाणार कुठे? खाडीतच ना! त्या फेसात काय काय होतं, ते लिहून द्या म्हटलं. तो कागद आजतागायत मिळालेला नाही.

नुसता साबण असता तर मी गेटवर गेलोच नसतो. इंधनाच्या आगीवर नुसतं पाणी चालत नाही, म्हणून १९६०च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाने फ्लोरिनयुक्त रसायनांचा फेस तयार करवून घेतला. तो इंधनावर पातळ पापुद्रा धरतो, वाफ कोंडतो आणि आग झपाट्याने विझते. हा गुण खराच. पण त्यातली कार्बन आणि फ्लोरिनची जोडी ना उन्हाने तुटते, ना पाण्याने. ती गाळात बसते, माशात जाते, माणसाच्या रक्तात साठते. यातल्या पीएफओएस नावाच्या रसायनावर, टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांबाबतच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने २००९ मध्येच निर्बंध घातले. त्याच्याच कुळातल्या पीएफओए या दुसऱ्या रसायनामुळे कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलं. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात या दोन्हींची मर्यादा प्रत्येकी लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. आमच्याकडे गुडघाभर फेस होता.

प्रवाशांच्या जिवाचं काय, असं कुणी विचारेल. बरोबरच आहे, विमानाच्या आगीत हयगय चालणारच नाही. पण फ्लोरिन नसलेला फेस घेण्याचा बदल ऑस्ट्रेलियाच्या विमानतळांनी २०१० मध्येच केला, लंडनच्या हीथ्रोनेही केला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची चाचणी आग किती वेळात विझते ते बघते, फेसात फ्लोरिन असलाच पाहिजे असं ती म्हणत नाही. नव्या फेसाची मारण्याची पद्धत थोडी वेगळी आहे, जवानांना सराव द्यावा लागतो. तो द्यावा. जुन्या विमानतळांची खरी दमछाक टाक्या, पाइप आणि बंब धुण्यात होते. कितीही धुतलं तरी जुन्या फेसाचा अंश उरतो, वर त्या धुवणाची विल्हेवाट लावायची ती वेगळीच. नव्या विमानतळाने ही पीडा मुळात लावूनच का घ्यायची?

आणखी एक, रागात आहे म्हणून लिहूनच टाकतो. फ्लेमिंगो आले की तुमच्या पहिल्या पानावर रंगीत फोटो येतो. यावा, आम्हालाही ते पक्षी प्रिय आहेत. पण ते ज्या गाळात चोच घालतात, त्याच गाळात आमच्या बाया निवट्या आणि चिंबोऱ्या धरतात. त्यांचा फोटो, त्यांचं म्हणणं तुमच्या पानावर मी पाहिलेलं नाही.

विमानतळ व्यवस्थापनाने दोन गोष्टी जाहीर कराव्यात: टाक्यांत कोणता फेस आहे, आणि सरावात मारलेला फेस कुठे गोळा होतो. नाल्यात जात असेल तर तो आजच थांबवावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाने खाडीचं पाणी, गाळ आणि मासळी आत्ताच तपासून आकडे नोंदवून ठेवावेत, मच्छीमार संस्थांच्या माणसांसमोर. विमानतळ नवा आहे तोवरच हे करता येईल. पुढे काही सापडलं, की हे आधीपासूनच इथं होतं असं सांगायला मग सगळे मोकळे होतील.

आपला,
एक वाचक, दिवाळे, नवी मुंबई