बोल्ट आवळून एक्सेन्ट्रिक थांबत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्या-मुंबईकडे टँडेम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकली, आता अधूनमधून दिसू लागल्या आहेत. पुढे डोळस आणि मागे दृष्टिहीन स्वार अशा जोड्या तर मनालीहून खारदुंगलापर्यंत जाऊन आल्या. या सायकलींची दुकानात येणारी तक्रार ठरलेली: दोन क्रँकमधली (पुढच्या-मागच्या पेडलांच्या दांड्यांना जोडणारी) चेन ताणून दिली तरी चार दिवसांत पुन्हा लोंबते. इलाजही ठरलेला: ही चेन ताणणाऱ्या एक्सेन्ट्रिक नावाच्या भागाचा बोल्ट आणखी आवळा. त्याने आटे जातात, बोल्ट तुटतो, सरकणे काही थांबत नाही. म्हणून हे पत्र.

साध्या सायकलची चेन ढिली झाली की मागचे चाक जरा मागे ओढायचे, नट आवळायचे, काम झाले. टँडेमच्या दोन्ही क्रँक फ्रेममध्ये जागच्या जागी पक्क्या. तिथे ओढायला काही नाही. म्हणून पुढच्या बीबी शेलमध्ये, म्हणजे क्रँकच्या एक्सलचे बेअरिंग (बीबी) बसते त्या नळकांड्यात, अ‍ॅल्युमिनियमचा गोल ठोकळा बसवतात आणि बीबीचे भोक त्याच्या मध्यावर न पाडता एका कडेला पाडतात. ठोकळा फिरवला की एक्सल पुढे-मागे होतो आणि चेन ताणते किंवा सुटते. हाच एक्सेन्ट्रिक. शेलचा आतला व्यास बहुधा ५४ मिमी असतो. हबमध्ये गिअर असलेल्या, बेल्टवर चालणाऱ्या आणि काही सिंगल-स्पीड सायकलींतही तो सापडतो.

तो खरोखर सरकतो का, हे आधी पाहावे. ठोकळा आणि शेल दोन्हींवरून जाईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढावी, सुकू द्यावी आणि एखादा घाट चढून यावे. रेघ जशीच्या तशी आणि चेन मात्र लोंबते आहे, तर दोष चेनचा. नव्या चेनचे २४ दुवे पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. पट्टी लावल्यावर १/१६ इंच जास्त भरले तर चेन बदलावी. १/८ भरले तर चेनव्हीलचे दातेही गेले समजावे.

रेघ मोडली असेल तर एक्सल कुठे ठेवला आहे ते बघावे. पेडलचा जोर खाली असतो, चेनची ओढ मागे. एक्सल शेलच्या मध्यापेक्षा पुढे आणि खाली असेल तर हे दोन्ही जोर ठोकळ्याला एकाच दिशेने, चेन ढिली होण्याकडे, फिरवतात. पुढे आणि वर असेल तर ते एकमेकांना बरेचसे अडवतात. शिवाय पेडल जमिनीपासून उंच राहते. आपल्याकडचे गतिरोधक पाहता हा फायदा लहान नाही. एक्सल वर घेतल्यावर पुढच्याची सीटही तेवढी उचलावी, नाहीतर गुडघे बोलू लागतात.

आता ठोकळा शेलमध्ये धरून ठेवणारी पकड. सर्वांत जास्त छळतो तो ग्रब, म्हणजे बिनडोक्याच्या, स्क्रूचा प्रकार. शेलच्या खालून बहुधा दोन स्क्रू थेट ठोकळ्यावर टेकतात आणि त्यात खळगा पाडतात. पुढे चेन झिजते, ठोकळा पाच-सात अंश फिरवावा लागतो, आणि स्क्रूचे टोक कोऱ्या जागी न बसता जुन्या खळग्याच्या उतारावर टेकते. मग जितके आवळाल तितके ते खळग्यात उतरते आणि ठोकळ्याला मागे घेऊन जाते. म्हणजे इथे आवळण्यानेच एक्सेन्ट्रिक सरकतो! ठोकळा बाहेर काढून खळग्याच्या उचललेल्या कडा बारीक कानशीने सपाट कराव्यात. खळगा घासून नाहीसा करायच्या फंदात पडू नये, ठोकळ्याचा गोल जाईल. मग ठोकळा २ ते ३ मिमी बाजूला सरकवून बसवावा, म्हणजे स्क्रूला कोरे धातू मिळते. चेनलाइन (चेन धावते ती रेष) तेवढीच हलते, ती चालते. काही जण ठोकळा डावा-उजवा उलटवायला जातात. नेहमीच्या इंग्लिश आट्यांच्या बीबीत उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते जमत नाही. टोक बोथट झालेले स्क्रू फेकून नवे कप-पॉइंट (टोकाला वाटीसारखी खोलगट कड असलेले) घ्यावेत आणि आट्यांना निळे थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावावे. लाल नको, पुढच्या वेळी स्क्रू निघणार नाही.

दुसऱ्या प्रकारात शेललाच चीर असते आणि दोन बोल्टांनी ती आवळतात. बोल्ट पूर्ण आवळल्यावरही चिरेत फट उरली पाहिजे. दोन्ही ओठ एकमेकांना टेकले असतील तर बोल्ट घट्ट, पण ठोकळा मोकळाच. अशा वेळी शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कामी येतो. तो साधारण ०.१ मिमी जाड असतो. शेलच्या लांबीइतकी रुंद आणि सुमारे १६५ मिमी लांब पट्टी कापावी, कडा पॉलिश पेपरने मारून घ्याव्यात, आणि पट्टीचा जोड चिरेच्या जागीच येईल अशी ती ठोकळ्याभोवती गुंडाळावी. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. फ्रेमवर किंवा माहितीपत्रकात टॉर्क (आवळण्याचा जोर) दिला असेल तर तोच पाळावा. वेजने, म्हणजे पाचरीने, फुगणारा तिसरा प्रकार कमी त्रासाचा. त्याच्या वेजला आणि बोल्टच्या आट्यांना मात्र ग्रीस हवेच.

प्रकार कोणताही असो, निम्मे काम सफाईत आहे आणि तिथेच घाई होते. शेल रॉकेलने धुऊन लगेच ठोकळा बसवला तर रॉकेलचा तेलकट थर आत राहतो. शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, स्वच्छ फडक्याने, फडके काळे व्हायचे थांबेपर्यंत. शेलच्या आत पावडर कोटिंग आले असेल तर तेही खरवडून काढावे. रंगाचा थर दाबाखाली बसतो आणि पकड जाते. मग ग्रीस लावावे की कोरडे ठेवावे? ग्रीस लावले तर घसरते. कोरडे ठेवले तर पोलादी शेलमध्ये अ‍ॅल्युमिनियम गंजून धरते. कोकणातल्या पावसाळ्यानंतर ते ठोकूनही हलत नाही. आमचे मत कार्बन पेस्टच्या बाजूने. कार्बन सीटपोस्टसाठी मिळते तीच, बारीक कणांची. अगदी पातळ थर पुरतो. पकड वाढते आणि पाणीही बरेच बाहेर राहते. दर पावसाळ्यानंतर काढून, पुसून पुन्हा लावावी.

चेन ताणताना क्रँक पूर्ण फेरा फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधावी आणि तिथे मापावे. मधोमध बोटाने वरखाली केल्यावर एकूण १२ मिमीच्या आसपास हालचाल हवी. याहून ताणली तर बेअरिंग खाते. चेन काढली असेल तर दोन्ही क्रँकचे कोन पुन्हा जुळवावेत. ३९ दात्यांच्या चेनव्हीलवर एक दाता चुकला तरी ९ अंशांचा फरक पडतो आणि मागच्याच्या पायाला तो लगेच कळतो. एक्सेन्ट्रिकची मजल संपली तर दोन दुवे काढता येतात, पण तेव्हा एक्सल जवळजवळ १३ मिमी मागे यावा लागतो. तेवढी जागा नसेल तर हाफ लिंक (चेन एकाच दुव्याने कमी करू देणारी कडी) घालावी.

ठोकळ्याला वेल्डिंगचे टाके मारणे, शेलमधून आरपार भोक पाडून बोल्ट घालणे हे प्रकार सर्रास होतात. उष्णतेने शेलचा गोल बिघडतो, सील जळतात, आणि पुढच्या वेळी चेन ताणायची सोय कायमची संपते. लेथवाल्याकडून नेमक्या मापाचा नवा ठोकळा करून घेणे याहून स्वस्त पडते.

दोष एकट्या कारागिरांचा नाही. लाखाच्या वर किंमत असलेली टँडेम विकताना एक्सेन्ट्रिक कोणत्या प्रकारचा आहे, बोल्ट किती टॉर्कला आवळायचे, हे सांगणारा एक कागदही हातात पडत नाही. ठोकळा फिरवायला दोन दात्यांचा पान्हा लागतो, तोही सोबत येत नाही. मग छिन्नी आणि हातोडी निघते. विक्रेत्यांनी एवढा कागद आणि एवढा पान्हा सायकलसोबत द्यावा, ही आपल्या पत्राद्वारे मागणी.

आपले,
सायकल दुरुस्तीच्या कामातील काही वाचक, पुणे