भीती की भीड?

डोंबिवली, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "या वयात कॉलेजात जाऊन शिकतेस तरी काय?" मी "मानसशास्त्र" म्हटलं. आई म्हणाली, "म्हणजे वेड्यांचं?" आणि मी विषय बदलला. जे सांगायचं होतं त्यात तुम्ही दोघं आहात, ते फोनवर जमलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आई, तुझं "बघू" आठवतं? जत्रेत फुगा मागितला की तू "बघू" म्हणायचीस आणि मला आणि दादाला कळायचं, नाही म्हणाली. माझ्या कंपनीत हॉलंडच्या साहेबांशी रोज फोनवर बैठक असायची. "शुक्रवारपर्यंत होईल का?" असं त्यांनी विचारलं की आमची मुलं म्हणायची, "हो, बघतो." शुक्रवारी काम झालेलं नसायचं, आणि ही मुलं शब्दाला जागत नाहीत असा शेरा त्यांच्या कागदावर पडायचा. ते शेरे फायलीत लावायचं काम माझं होतं. ती मुलं खोटं बोलत नव्हती हे मला ठाऊक होतं, पण समोरच्याला पटेल असं मांडता येत नव्हतं. नऊ वर्षांनी नोकरी सोडली ती यासाठी. पैशांची काळजी करू नका, दोन वर्षांची सोय करून ठेवली आहे.

आता रोज कुर्ल्याला उतरून कलिन्याला विद्यापीठात जाते. या सत्रात गीर्ट हॉफस्टेड या डच माणसाचं काम शिकतो आहोत. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या देशोदेशींच्या नोकरदारांनी भरलेल्या लाखाहून जास्त प्रश्नावल्या त्याने तपासल्या आणि १९८० साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यात देशादेशाचं 'सत्ता-अंतर' मोजलंय, म्हणजे वरच्याचं वरचेपण खालच्यांनी कितपत गृहीत धरलंय. भारताचा आकडा ७७, हॉलंडचा ३८. त्यातला एक प्रश्न असा आहे: वरिष्ठांशी आपलं मत जुळत नाही हे सांगायला हाताखालची माणसं किती वेळा घाबरतात?

वर्गात हा प्रश्न मराठीत आणायचा होता. त्याची रीत आहे, रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये नीट मांडलेली. एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा मूळ भाषेत न्यायचं, आणि काय सांडलं ते शोधायचं. मी आधी "घाबरतात" लिहिलं, मग खोडून "भीड वाटते" लिहिलं. मैत्रिणीने ते इंग्रजीत नेलं तेव्हा भिडेचं लाजणं झालं होतं. मग "मान राखून गप्प बसतात" करून पाहिलं, तर त्यातली भीतीच गेली. तास संपला तरी मी तिथेच अडकलेली. कारण एव्हाना माझ्यासमोर प्रश्नावली नव्हती, बाबा, तुम्ही होतात.

मी सातवीत होते. तुम्ही वॉचमन होतात त्या सोसायटीच्या फाटकाशी तुमचा डबा घेऊन आले. पाऊस होता. सेक्रेटरीची गाडी दोनदा हॉर्न देऊन थांबली होती, कारण तुम्ही एका म्हातारीला जिना चढवून देत होतात. तुमच्यापेक्षा लहान माणूस काच खाली करून वाट्टेल ते बोलला. तुम्ही ताठ उभं राहून म्हणालात, "चुकलं साहेब." मी डबा खुर्चीवर ठेवला आणि तुमच्याकडे न बघता निघून आले. त्या दिवशी मी मनात तुम्हाला भित्रे ठरवलं. इतकी वर्षं हे कुणापाशी बोलले नाही. बाबा, माझी चूक झाली.

हाच माणूस १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख लोकांबरोबर गिरणीबाहेर पडला होता. बदलीवरचा, म्हणजे कायम नसलेला कामगार, नवं लग्न, तरी कामगारपुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचा संप सोडून आत गेला नाही. आईने वाट्या गहाण टाकल्या, पण "कामावर जा" म्हणाली नाही. मग तो ७७ चा आकडा या दोघांतल्या कोणत्या बाबांचा? आकडा देशाचा, एका माणसाला तो लावू नये, असं खुद्द हॉफस्टेडनेही बजावलंय. आणि त्याने विचारलं ते आयबीएमच्या माणसांना. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या असलेल्याला कुणी विचारलं नव्हतं.

साच्यांवरून आठवलं, हे तुम्हाला आवडेल. १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको कंपनीच्या गिरणीत, माणसं एकत्र कशी काम करतात हे अभ्यासणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले होते. स्वयंचलित साचे आणूनही माल वाढत नव्हता. २२४ साचे, २९ माणसं आणि त्यांची बारा तऱ्हेची कामं, ज्याचा तो सुटा. राइस यांनी सुचवलं की साच्यांचा एकेक गट एकेका लहान टोळीच्या हवाली करा. टोळ्या कामगारांनी आपापसांत स्वतःच जमवल्या. माल वाढला, खराब कापड कमी झालं. तुम्ही सांगायचात, धागा तुटला की शेजारच्या साच्यावरचा हाक न मारता हजर व्हायचा. वाचताना तेच ऐकू येत होतं.

फाटकावर तुमच्या शेजारी कुणी नव्हतं. मला वाटतं, गिरणीतले तुम्ही आणि फाटकावरचे तुम्ही यांतला फरक इथे आहे, स्वभावात नाही. पण हे माझं वाटणं झालं. म्हणून शोधप्रकल्पाला हाच विषय घेतलाय: गिरण्या बंद झाल्यावर वॉचमन झालेले कामगार. लालबाग-परळचे तुमच्या ओळखीचे जे कुणी असतील त्यांना माझ्याबद्दल सांगून ठेवा. आधी संमतीपत्र देईन, नाव कुठेही येणार नाही. मॅडम म्हणाल्या, स्वतःच्या वडिलांची मुलाखत त्यात धरता येणार नाही. ते बरोबरच आहे.

पण शब्द तुम्हीच द्या. त्या फाटकाशी तुम्ही गप्प राहिलात त्याला काय म्हणायचं? भीती, भीड, मान, की घरातल्या चार पोटांची काळजी? की मालवणीत याहून नेमका शब्द आहे? तुमचा हात कापतो, तेव्हा आईला सांगा, ती लिहील. आई, ते बोलतील तसंच लिही, शुद्ध करू नकोस. आणि "आता कशाला ते" म्हणाले, तर तेही लिही.

गणपतीला येतेच आहे, तुतारीचं तिकीट काढलंय. बाबांच्या बीपीच्या गोळ्या इथून घेऊन येते, तिकडच्या संपल्या तर मध्ये खंड पाडू नका.

तुमची,
बाय