उष्णतेचा धडा बोडीच्या पाळीवर शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागभीड तालुक्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. मुलगी यंदा दहावीत गेली. शाळेनं दहावीचे उन्हाळी वर्ग घेतले आणि त्यात उष्णतेचा धडा उरकला. उरकला हाच शब्द बरोबर आहे, म्हणून हे पत्र.

मुलीची वही चाळली. विशिष्ट उष्माधारकतेची (एक ग्रॅम पदार्थ एक अंशानं तापायला लागणारी उष्णता) व्याख्या, खाली सूत्र, त्याखाली सोडवलेली तीन उदाहरणं आणि बाजूला लाल शाईत 'महत्त्वाचे'. म्हटलं, म्हणजे काय गं? तिनं व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. लोखंड, तांबं आणि शिसं यांचे सारख्या वजनाचे गोळे उकळत्या पाण्यात तापवून मेणाच्या लादीवर ठेवायचे, हा प्रयोग पुस्तकात आहे. लोखंडाचा गोळा सर्वांत खोल रुततो, शिशाचा सर्वांत कमी, हे तिला पाठ होतं. गोळे मात्र तिनं कधी पाहिले नव्हते. ते प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत म्हणतात. कपाटाला कुलूप आहे.

मी स्वतः बारावी सायन्स, पुढे शिक्षण झालं नाही. पण ही गोष्ट मनाला लागली. इतवारीत माल आणायला गेलो तेव्हा नागपुरातून 110 अंशांपर्यंतचा तापमापी घेऊन आलो. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून लोखंडी वजनं पोत्यामागं पडून आहेत. त्यातलं एक किलोचं वजन घासूनपुसून काढलं. मुलीच्या चार मैत्रिणीही आल्या. वजनाला सुतळी बांधून ते उकळत्या पाण्यात दहा मिनिटं सोडलं. दुसऱ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तेलाच्या मापानं मोजून एक लिटर पाणी घेतलं, ते 30 अंशांवर होतं. मग विचारलं, हे 100 अंशांचं वजन यात टाकलं तर पाणी किती होईल? पाचही जणी म्हणाल्या, "पासष्ट." एक किलो इकडं, एक किलो तिकडं, मग मधलाच आकडा येणार.

वजन टाकलं, ढवळलं. पारा 36 वर थांबला.

"तापमापी बिघडला काका," एक जण म्हणाली. म्हणून दुसऱ्यांदा 30 अंशांच्या लिटरभर पाण्यात लिटरभर उकळतं पाणी ओतलं. पारा 62 वर गेला. तापमापी ठीक होता! तेव्हा त्या गप्प झाल्या आणि माझी मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे बाबा, लोखंडात उष्णता कमीच होती." ज्या व्याख्येला लाल शाई लागली होती, ती तिला त्या क्षणी कळली. 100 अंशांचं पाणी आणि 100 अंशांचं लोखंड, तापमान एकच, पण पोटातली शिदोरी वेगळी.

मग वही घेतली. एक ग्रॅम पाणी एक अंश तापायला एक कॅलरी उष्णता लागते. लिटरभर, म्हणजे 1000 ग्रॅम पाणी 6 अंश तापलं, म्हणजे 6000 कॅलरी घेतल्या. 1000 ग्रॅमचं वजन 64 अंश निवलं. 6000 ला 1000 नं आणि 64 नं भागलं, भागाकार 0.094 आला. पुस्तकात लोखंडाचा आकडा 0.110 आहे. बाकीची उष्णता कुठं गेली, यावर अर्धा तास वाद झाला. वजन बाहेर काढताना थोडी हवेत गेली, हे एकीनं शोधलं. गंज जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनिअमचा होता, तोही तापलाच ना, हे दुसरीच्या लक्षात आलं. तो काट्यावर ठेवला, 300 ग्रॅम भरला. ॲल्युमिनिअमचा 0.215 घेऊन त्याचा हिशेब मिळवला तेव्हा उत्तर 0.1 पर्यंत आलं. गरम वस्तूनं गमावली तेवढीच उष्णता थंड वस्तूंनी घेतली, हे उष्णता विनिमयाचं तत्त्व यापेक्षा वेगळं काय असतं? या सगळ्याला खर्च आला तापमापीचा, बस.

समुद्राकाठचं हवामान सम का असतं, हा प्रश्न आमच्या मुलांना वर्षानुवर्षं विचारला जातो. पाण्याची उष्माधारकता जास्त, म्हणून ते सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, असं उत्तर ती लिहितात. इथल्या कितीतरी मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. पण गावोगावी बोडी (लहान तळं) आहे, तलाव आहे, आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो. आमच्या पोरींनी दुपारी दोनला पाळीवरच्या मातीत तापमापीचं टोक टेकवलं तर 56 अंश, पाण्यात 34. रात्री नऊला माती 35 वर उतरली होती, पाणी 32. माती 21 अंशांनी उतरली, पाणी फक्त दोन. कोरड्या मातीची उष्माधारकता पाण्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी असते. तेवढंच एक कारण नाही हे खरं. ऊन पाण्यात खोलवर जातं, पाणी ढवळलं जातं आणि वाफ होतानाही उष्णता नेतं. पण हे सगळं तिथं उभं राहून बोलता येतं. त्यानंतर मुंबई आणि नागपूरच्या मे आणि डिसेंबरच्या तापमानाचा फरक नकाशावर दाखवा, मूल स्वतःच सांगेल.

घरीही हा धडा रोज ताटात असतो. आलूबोंड्याचं कवच सोसतं आणि आतला आलू जीभ पोळतो, कारण आलूत पाणीच जास्त. रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजताना बाहेरून खरपूस होतात तरी आत शिजायला वेळ लागतो. हे आया रोज हाताळतात, पण त्याचं नाव पुस्तकात वेगळं आणि वर्गात कुणी जोडून देत नाही.

शिक्षकांवर माझा राग नाही. आमच्याकडं एकाच सरांवर गणित आणि विज्ञान दोन्ही आहे, आणि वरून निकालाचा धाक. पण विज्ञानात 20 गुण प्रात्यक्षिकाचे असतात, ते मुलांच्या हातून प्रयोग होण्यासाठी. मागच्या वर्षीची प्रयोगवही पाहून निरीक्षणं उतरवली आणि पैकीच्या पैकी गुण पडले, तर त्या मुलाचं नुकसान झालं. अकरावीला शहरात गेल्यावर त्याला ते कळतं, तोवर उशीर झालेला असतो. माझं तेच झालं होतं.

उन्हामुळं विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी शाळा व्यवस्थापन समित्यांनी एक दिवस काढून प्रयोगशाळेचं कपाट उघडून पाहावं, चार तापमापी आणि स्टँड चालू आहेत की नाही एवढं तरी तपासावं. किलोची तीन वजनं, दोन किलोचं एक आणि तेलाचं लिटरचं माप मी आमच्या शाळेसाठी धुऊन वेगळं काढून ठेवलं आहे. मुख्याध्यापकांना तसं सांगितलंय. पहिल्याच आठवड्यात मुलं येऊन घेऊन जातील, अशी वाट पाहतो आहे.

आपला,
एक किराणा दुकानदार व पालक,
ता. नागभीड, जि. चंद्रपूर